फक्त क्रमांक असलेलं जहाज : एलएसटी-३२५ ची सेवापुस्तिका

सुकाणू · शनिवार, रात्री ९:१५

महायुद्धातल्या जहाजांचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा बिस्मार्क, यामातो, विमानवाहू नौका अशी वळते. मला आज अशा जहाजाबद्दल लिहायचंय ज्याला अमेरिकी नौदलाने नावसुद्धा दिलं नाही, नुसता क्रमांक दिला. एलएसटी-३२५. एलएसटी म्हणजे लँडिंग शिप टँक, रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारं जहाज.

माझं म्हणणं आधीच मांडतो, म्हणजे ज्यांना वाद घालायचाय त्यांना सोपं जाईल. नॉर्मंडी म्हटलं की सगळे ६ जून १९४४ ही तारीख, म्हणजे दोस्त फौजा फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावर उतरल्या तो डी-डे, धरून बसतात. पण युरोपातली ती मोहीम तगली ती त्यानंतरच्या महिनोन् महिने चाललेल्या खेपांवर. सामान न्या, जखमी आणा, पुन्हा सामान भरा. या जहाजाची नोंद त्याचा पुरावा आहे.

आधी हे जहाज कशासाठी जन्मलं ते. १९४० मध्ये डंकर्कहून ब्रिटिशांनी माणसं परत आणली, पण रणगाडे, तोफा, ट्रक सगळं फ्रान्सच्या किनाऱ्यावर टाकून यावं लागलं. परत जायचं तर धक्का नाही, क्रेन नाही, अशा उघड्या वाळूवर रणगाडे उतरवणं भाग होतं. आणि तेच जहाज अटलांटिक ओलांडणारंही हवं होतं. इथे खरी अडचण होती. भर समुद्रात टिकायचं तर जहाज पाण्यात खोल बसायला हवं आणि वाळूवर चढायचं तर उथळ. अमेरिकी नौदलाच्या जहाजबांधणी विभागातल्या जॉन नीडरमायर यांनी नोव्हेंबर १९४१ मध्ये काही तासांत यावर कच्चा आराखडा काढून दिला. जहाजाच्या पोटात मोठ्या बॅलास्ट टाक्या ठेवायच्या. समुद्रात असताना त्या पाण्याने भरायच्या, किनारा जवळ आला की पंपाने उपसायच्या. त्या आराखड्यावरून ३२८ फूट लांब आणि ५० फूट रुंद जहाज उभं राहिलं. किनाऱ्याला लागताना त्याला पुढच्या बाजूला जेमतेम चार फूट पाणी पुरायचं. तोंडाशी दोन मोठे दरवाजे, आत रॅम्प, आणि मागपर्यंत मोकळा टँकडेक, म्हणजे रणगाडे-ट्रक ठेवायचा मजला. युद्ध संपेपर्यंत अशी १,०५१ जहाजं बांधली गेली.

३२५ चं काम फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत १० ऑगस्ट १९४२ ला सुरू झालं. २७ ऑक्टोबरला जहाज पाण्यात उतरलं आणि १ फेब्रुवारी १९४३ ला नौदलात दाखल झालं. सहा महिनेसुद्धा लागले नाहीत. मार्चमध्ये ताफ्याबरोबर अल्जीरियातल्या ओरानला रवाना. तिथे आर्झ्यू आणि मोस्तागानेमच्या किनाऱ्यांवर सराव. जुलैत सिसिलीच्या स्वारीत जेला इथल्या राखीव तुकड्या घेऊन गेलं. सप्टेंबरमध्ये ट्युनिशियातल्या बिझर्तेच्या बंदरात जर्मन हवाई हल्ल्यात जहाजावरची काही माणसं जखमी झाली, ती त्याची पहिली झळ. त्याच महिन्यात इटलीतल्या सालेर्नोची स्वारी.

नोव्हेंबरात ताफा इंग्लंडकडे निघाला. २१ नोव्हेंबरला जर्मन विमानांनी या ताफ्यावर रेडिओने दिशा देता येणारे बाँब सोडले. तेव्हा ते नवं हत्यार होतं. ताफ्याला फटका बसला, ३२५ वाचलं आणि प्लिमथला पोचलं.

आता नॉर्मंडी. पहिल्या लाटेत ३२५ नव्हतं. नॉर्मंडीतल्या ओमाहा या किनाऱ्यावर पहिल्या लाटेच्या मागून येणाऱ्या ‘बी’ फोर्समध्ये होतं. इंग्लंडमधल्या फॉलमथहून ५९ वाहनं आणि चारशेहून अधिक सैनिक घेऊन निघालं, ७ जूनला ओमाहासमोर नांगर टाकला. जहाज थेट वाळूवर गेलं नाही. लहान बोटींमध्ये आणि पाण्यात तरंगणाऱ्या डक ट्रकांमध्ये सामान उतरवलं. परतताना ३८ जखमी आणले. पुढच्या नऊ महिन्यांत इंग्लिश खाडीच्या चाळीसहून अधिक खेपा झाल्या. ओमाहा, युटा, गोल्ड, जुनो हे उतरण्याचे किनारे, आणि पुढे सेन नदीतून आत रुआंपर्यंत.

एका खेपेचा वेगळा उल्लेख करायलाच हवा. २८ डिसेंबर १९४४ ला एम्पायर जॅव्हलिन हे सैनिकांनी भरलेलं वाहतूक जहाज फ्रान्सजवळ बुडालं. जवळपास ७०० जणांना वाचवण्यात ३२५ चा हात होता. कप्तान क्लिफर्ड मोझियर यांना त्यासाठी ब्राँझ स्टार हे पदक मिळालं.

मे १९४५ मध्ये, युरोपातलं युद्ध संपल्यावर, बेलफास्टहून घरी निघालेल्या जहाजाला वाटेत वादळाने गाठलं. नाक एका मोठ्या लाटेत घुसलं आणि मुख्य डेकवर आडवी चीर पडली. जहाजावरच्या फिटरांनी भर वादळात पोलादी पत्रे वेल्ड करून ती चीर सांधली. सिसिली, सालेर्नो, ओमाहा पार केलेलं जहाज शांतता झाल्यावर दोन तुकडे होऊन गेलं असतं. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी कामगिरी त्या फिटरांची वाटते, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं गेलंय.

पुढचं थोडक्यात. १९४६ मध्ये सेवेतून निवृत्त. १९५१ मध्ये पुन्हा कामावर, या वेळी लष्करी सागरी वाहतूक सेवेत. लॅब्राडॉर समुद्र, डेव्हिस सामुद्रधुनी, बॅफिन उपसागर अशा बर्फाळ पाण्यात, कॅनडा आणि ग्रीनलंडच्या किनाऱ्यांवरच्या रडार ठाण्यांसाठी सामान पोचवायचं. १९६४ मध्ये ग्रीसला दिलं, आणि तिथे प्रथमच नाव मिळालं : सिरॉस. ग्रीक नौदलाने ते १९९९ पर्यंत चालवलं.

तिथून भंगारात जायचं ते अमेरिकेत परत कसं आलं, तो भाग उद्या लिहितो.

मेघना_पुणे · शनिवार, रात्री १०:०२

फार छान लिहिलंय. पुढच्या भागाची वाट बघतेय. एक मूलभूत प्रश्न : सिनेमात दिसतात त्या छोट्या चौकोनी बोटी, ज्यांचं तोंड धाडकन खाली पडतं आणि सैनिक पळत सुटतात, त्या हीच का? आणि चारशे माणसं एवढ्या सामानाबरोबर राहायची कुठे?

सुकाणू · शनिवार, रात्री १०:४०

मेघनाताई, त्या वेगळ्या. त्या हिगिन्स बोटी, न्यू ऑर्लिन्सच्या अँड्र्यू हिगिन्स यांच्या कारखान्यातल्या. प्लायवुडच्या, छत्तीस फुटी, एका वेळी साधारण छत्तीस सैनिक. त्या स्वतः समुद्र ओलांडू शकत नाहीत, मोठ्या जहाजाच्या बाजूला टांगून आणाव्या लागतात. एलएसटीवरही अशा बोटी असायच्या. दोन्हींच्या मधली पायरी म्हणजे एलसीटी, काही रणगाडे नेणारी उघडी, सपाट बोट. इंग्लंडहून फ्रान्सपर्यंत ती जाऊ शकायची.

राहण्याचं म्हणाल तर टँकडेकच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीलगत अरुंद खोल्या, त्यात एकावर एक बंक. खाडी ओलांडायला एखादी रात्र लागायची, तेवढ्यापुरतं भागायचं. बरेच सैनिक आपापल्या गाडीतच झोपायचे. परतीच्या वाटेवर त्याच टँकडेकवर स्ट्रेचरच्या रांगा लागायच्या. नॉर्मंडीतून एलएसटींनी एकूण ४१ हजारांहून अधिक जखमी इंग्लंडला आणले.

निवृत्त_चीफ · रविवार, सकाळी ७:२०

सुकाणू, लेख उत्तम. मी नौदलात इंजिनरूममध्ये आयुष्य काढलं, म्हणून जहाज किनाऱ्यावर चढवणं म्हणजे नक्की काय ते सांगतो. बाहेरून सोपं दिसतं आणि तसं ते अजिबात नाही.

पहिली गोष्ट मागचा नांगर. किनारा अजून दूर असतानाच तो टाकायचा आणि दोर सोडत पुढे जायचं. उतरताना त्याच दोरावर विंच लावून जहाज मागे ओढून घ्यायचं. लवकर टाकला तर दोर पुरत नाही, उशिरा टाकला तर ओढायला जोर मिळत नाही. आणि इंजिनं काय, ९०० अश्वशक्तीची दोन. एवढ्या अवजड धुडाला ती बेताचीच. वाळूत रुतलेलं जहाज नुसत्या पंख्याच्या जोरावर सुटेल ही आशा ठेवायची नाही.

दुसरी गोष्ट बॅलास्ट. जहाजाचा तळ पुढून वर आणि मागून खाली असा तिरका बसवायचा असतो, तोही किनाऱ्याच्या उतारानुसार. साधारण पन्नास फुटांना एक फूट असा उतार मिळाला तर उत्तम. त्यापेक्षा सपाट असेल तर मागचा भाग आधी टेकतो आणि पुढे रॅम्पखाली खोल पाणी राहतं.

तिसरी गोष्ट, जिला सगळे घाबरतात : वाळूचा दांडा. किनाऱ्याच्या अलीकडे पाण्याखाली वाळूची पट्टी असते. जहाज तिच्यावर टेकतं, कप्तानाला वाटतं पोचलो, रॅम्प उघडतो, आणि पुढे किनाऱ्यापर्यंत माणूस बुडेल एवढं पाणी. डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बाजारला आपल्या घडियाल आणि गुलदार या नौकांवरून गुरखा सैनिक उतरवताना हेच घडलं. काही जवान बुडाले. तेव्हा ओमाहावर आधी डक ट्रकांत सामान उतरवलं यात भित्रेपणा नव्हता, शहाणपण होतं.

शंकेखोर · रविवार, सकाळी ९:४८

माहिती आवडली, पण मूळ मुद्द्याशी सहमत नाही. ६ जूनला एकट्या ओमाहावर दोन हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. ते किनाऱ्यावर टिकले नसते तर ७ जूनला तुमच्या ३२५ ला नांगर टाकायला जागाच नव्हती. खेपा महत्त्वाच्या, मान्य. पण ज्यांनी वाट मोकळी केली त्यांच्या बरोबरीने मालवाहतुकीला बसवणं मला पटत नाही.

अभ्यासू · रविवार, सकाळी ११:०५

शंकेखोर यांचा मुद्दा वजनदार आहे, तरी मी सुकाणू यांच्या बाजूने आहे. कारण असं.

१९४४ च्या पूर्वार्धात दोस्तांच्या सगळ्या योजना एलएसटींच्या संख्येवर अडल्या होत्या. दक्षिण फ्रान्सवरची स्वारी नॉर्मंडीबरोबरच करायची होती. दोन्हींना पुरतील एवढ्या एलएसटी नव्हत्या, म्हणून ती १५ ऑगस्टपर्यंत पुढे ढकलावी लागली. २८ एप्रिलला लाइम उपसागरात सराव चालू असताना जर्मन टॉर्पेडो बोटींनी एलएसटी-५०७ आणि एलएसटी-५३१ बुडवल्या, २८९ ची नासधूस केली. ७४९ माणसं गेली. माणसं गेल्याचं दुःख होतंच, पण सेनापतींना दुसरी धास्तीही होती : राखीव एलएसटी आता उरलीच नव्हती. रणगाडे होते, माणसं होती, तोफा होत्या. पलीकडे नेणारी जहाजं मोजकी.

आणि एक गोष्ट मूळ लेखात नाही ती. सुरुवातीला एलएसटी वाळूवर कोरड्या पडू द्यायला नौदलाचे अधिकारी तयार नव्हते. ओहोटीला जहाज कोरडं पडलं तर कणा मोडेल ही भीती. नॉर्मंडीत भरती-ओहोटीतला फरक सहा मीटरांच्या वर जातो, आपल्या मुंबईपेक्षा बराच जास्त. पण लहान बोटींनी सामान उतरवायला फार वेळ जात होता, म्हणून काही दिवसांतच करून पाहिलं. भरतीला चढायचं, ओहोटीला पाणी मागे हटेल, दरवाजे उघडून ट्रक कोरड्या वाळूवरून चालवत न्यायचे, पुढच्या भरतीला निघायचं. कणा मोडला नाही. १९ जूनपासूनच्या वादळात ओमाहासमोरचं कृत्रिम बंदर मोडून पडलं, तरी पुरवठा थांबला नाही, त्यामागे हे मोठं कारण होतं.

शंकेखोर · रविवार, दुपारी १२:३०

कोरडं पडू देण्याचा भाग नवा होता, धन्यवाद. माझा आक्षेप निम्मा उरलाय. निम्मा आहेच.

सुकाणू · रविवार, दुपारी २:१०

शंकेखोर, पहिल्या लाटेचं मोल कमी करायचं माझ्या मनातही नाही. उलट या दोन्ही प्रकारच्या माणसांची गोष्ट एकच आहे हे दाखवणारा धागा हाताशी आहे. एम्पायर जॅव्हलिन, जे डिसेंबरमध्ये बुडालं, त्याच जहाजाने ६ जूनला ११६ व्या पायदळ रेजिमेंटच्या ए कंपनीला ओमाहासमोर आणलं होतं. व्हर्जिनियातल्या बेडफर्ड या छोट्या गावातले तरुण त्या कंपनीत होते. त्या एका सकाळी त्या गावाची जवळपास वीस मुलं गेली. अमेरिकेचं राष्ट्रीय डी-डे स्मारक बेडफर्डमध्ये आहे ते याचमुळे. पहिल्या लाटेला घेऊन गेलेलं जहाज सहा महिन्यांनीही तीच वाट तुडवत होतं आणि तीच वाट तुडवताना बुडालं. त्यातल्या माणसांना बाहेर काढायला रोजची खेप करणारं ३२५ जवळ होतं. मी वाट मोकळी करणारे आणि वाट चालू ठेवणारे यांना वेगवेगळ्या ओळीत बसवत नाही, ते यासाठी.

दर्यावर्दी_रत्नागिरी · रविवार, दुपारी ४:००

२१ नोव्हेंबर १९४३ च्या रेडिओ-बाँबचा उल्लेख वाचून लिहितोय. त्यानंतर पाचच दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, त्याच प्रकारच्या बाँबने अल्जीरियाजवळ ‘रोहना’ हे जहाज बुडालं. ब्रिटिश इंडिया कंपनीचं. हजाराहून अधिक अमेरिकी सैनिक मेले, आणि जहाजावरचे हिंदुस्थानी खलाशीही मोठ्या संख्येने गेले. ही बातमी बरीच वर्षं दाबून ठेवली होती.

ब्रिटिश इंडिया आणि पी अँड ओ कंपन्यांच्या जहाजांवर आमच्या किनाऱ्यावरच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं जात होती. सारंग, तांडेल, खलाशी, आगवाले. युद्धाच्या कथांमध्ये ही माणसं ‘क्रू’ या एका शब्दात संपतात. कोणाच्या घरी त्या काळातलं नळी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, जपलेलं असेल तर त्यावर जहाजांची नावं आणि तारखा असतात. ती नीट जपा आणि शक्य असेल तर फोटो काढून ठेवा. कागद आता हातात धरला तरी तुटतो.

तिवर · रविवार, संध्याकाळी ६:३५

या विषयाचा मुंबईशीही सरळ संबंध आहे. मालाडला मार्वे किनाऱ्याकडे जाताना आयएनएस हमला लागतं. आज तिथे नौदलाच्या लॉजिस्टिक्स शाखेचं प्रशिक्षण होतं. पण ‘हमला’ची सुरुवात रामेश्वरमजवळच्या मंडपमला झाली, दुसऱ्या महायुद्धात, रॉयल इंडियन नेव्हीच्या लँडिंग क्राफ्ट विंगसाठी. हिंदी नौसैनिकांना तिथे बोटी किनाऱ्यावर चढवायला शिकवलं जायचं. ठाणं नंतर मुंबईला आलं.

हे शिक्षण वापरलं गेलं ते ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर. जानेवारी १९४५ मध्ये अक्याब, म्येबोन, रामरी, कांगाव अशा एकामागोमाग चढाया झाल्या. तिथला किनारा नॉर्मंडीसारखा नाही. खाड्यांचं जाळं, दोन्ही काठांना तिवरांचं रान, ओहोटीला गुडघ्याच्या वर चिखल. नर्बदा आणि जमना या हिंदी नौकांनी कांगावला खाडीत शिरून तोफा डागल्या. ज्याने आपल्या खाडीत ओहोटीला होडी ओढलीये त्याला त्या चिखलात जखमी माणूस बोटीपर्यंत नेणं काय असेल ते सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर आपल्या नौदलाची पहिली मगरसुद्धा युद्धकाळातली ब्रिटिश एलएसटीच. आधी क्रमांक ३०११, मग ब्रिटिश नौदलात अ‍ॅव्हेंजर, आणि १९४९ पासून आयएनएस मगर.

निवृत्त_चीफ · रविवार, संध्याकाळी ७:१०

तिवर, मगरचं नाव काढलंत, बरं वाटलं. त्याच नावाची दुसरी मगर कलकत्त्याच्या गार्डन रीचमध्ये बांधली, १९८७ ते २०२३ सेवेत होती. तोंडाचे दरवाजे, रॅम्प, मागचा नांगर. मूळ कल्पना नीडरमायर यांचीच.

सुकाणू · रविवार, रात्री ९:३०

आता राहिलेला भाग.

अमेरिकेतल्या माजी एलएसटी नौसैनिकांना या वर्गाचं निदान एक जहाज चालत्या स्थितीत जपायचं होतं. ग्रीसमध्ये ३२५ होतं. २००० सालच्या उन्हाळ्यात ही मंडळी क्रीटच्या सूदा उपसागरात पोचली. बहुतेक सत्तरी ओलांडलेले. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या जहाजात उतरून त्यांनी इंजिनं, पंप, वायरिंग यांची दुरुस्ती स्वतः केली. महिने लोटले, पैसे संपत आले, तब्येतीमुळे काहींना परतावं लागलं. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडू नका असा अमेरिकी तटरक्षक दलाचा इशारा होता.

१४ नोव्हेंबर २००० ला कप्तान रॉबर्ट जॉर्नलिन यांच्या हाताखाली २९ जणांनी नांगर उचलला. सरासरी वय ७२. गिब्राल्टरला मुक्काम, मग उघडा अटलांटिक. सुमारे साडेसहा हजार मैलांनंतर १० जानेवारी २००१ ला जहाज अलाबामातल्या मोबील बंदरात आलं. धक्क्यावर गर्दी होती.

यातलं मला सर्वांत भावतं ते हे की त्यांनी जहाज ओढून आणलं नाही. टग लावून आणता आलं असतं. ते म्हणाले, चालवत नेऊ. ज्या इंजिनांवर विशीत काम केलं होतं त्याच जातीच्या इंजिनांसमोर पन्नास वर्षांनी उभं राहून त्यांनी पाळ्या केल्या.

मेघना_पुणे · रविवार, रात्री १०:१५

वाचताना भारावले, पण एक खटकतंय ते लिहिते. माझे वडील याच वयाचे आहेत. त्यांनी असं काही ठरवलं तर मी दाराशी आडवी झोपेन. १९४५ मध्ये ज्याच्या डेकला चीर पडली होती त्याच जहाजातून, डिसेंबरच्या अटलांटिकमध्ये? एक जुनं जहाज जपण्यासाठी २९ घरांनी एवढी काळजी सोसायची का?

सुकाणू · रविवार, रात्री १०:५०

ताई, प्रश्न रास्त आहे. माझं मत : जोखीम त्यांची होती आणि ती कशाची आहे हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. चीर पडली कशी, सांधली कशी, हे त्या पिढीने पाहिलंय. विशीत त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हुकूम झाला आणि गेले. सत्तरीत ते पहिल्यांदाच स्वतःच्या मर्जीने निघाले. त्यांच्या मुलींना काय वाटलं असेल याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते वाटणं चूक आहे असंही मी म्हणणार नाही.

निवृत्त_चीफ · सोमवार, सकाळी ६:५५

मेघना, बाळ, वडिलांना निदान विचारून बघ. मीही ७१ वर्षांचा आहे आणि मला कुणी विचारलं असतं तर संध्याकाळच्या आत बॅग भरली असती. जहाज जुनं असणं हा धोका आहेच, पण २९ माणसं पंपाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारी असतील तर तो पुष्कळ कमी होतो.

ओहायोकाठ · सोमवार, सकाळी ८:४०

इथे इंडियानात राहतो, हे जहाज पाहिलंय. सध्या ते इव्हान्सव्हिल शहरात ओहायो नदीवर असतं. २००५ पासून त्याचं घर हेच, २०२० पासून शहराच्या मध्यभागी. समुद्रापासून इतकं आत का, असा प्रश्न पडेल. युद्धात समुद्रकाठच्या गोद्या मोठ्या युद्धनौकांमध्ये गुंतल्या होत्या, म्हणून एलएसटी नदीकाठी बांधायचं ठरलं. इव्हान्सव्हिल, जेफरसनव्हिल, सेनेका, अँब्रिज अशी गावं. शेतांच्या मधोमध गोद्या उभ्या राहिल्या, जहाजं ओहायो आणि इलिनॉय नद्यांतून मिसिसिपीत आणि तिथून न्यू ऑर्लिन्सला जायची. एकट्या इव्हान्सव्हिलच्या गोदीत १६७ एलएसटी झाल्या. हजारो माणसं, त्यात वेल्डिंग करणाऱ्या बायका पुष्कळ, ज्यांनी आधी समुद्र पाहिलासुद्धा नव्हता. ३२५ फिलाडेल्फियाचं, पण इथल्या लोकांनी ते आपलं मानलंय.

टँकडेकवर उभं राहिलं की लांबी अंगावर येते. आत डिझेल आणि रंगाचा वास, वर नळ्यांची गर्दी. बंक इतके अरुंद की कूस बदलायला वरच्याची अडचण होते. दाखवणारे सगळे स्वयंसेवक आहेत. मी एकाला बॅलास्टबद्दल विचारलं तर त्याने थेट व्हॉल्व्हसमोर नेऊन उभं केलं आणि कोणती टाकी आधी रिकामी करायची ते समजावलं. दरवर्षी साधारण शरदाच्या सुमाराला जहाज स्वतःच्या इंजिनांवर नदीतून इतर गावांना जातं, तेव्हा यायचं तर आधी तारखा बघा.

मिशिगनमध्ये मस्केगनला एलएसटी-३९३ आहे, तीही बघण्यासारखी.

पोर्ट्समथवाला · सोमवार, दुपारी ३:२०

इंग्लंडात असणाऱ्यांसाठी. सुकाणूंनी वर एलसीटीचा उल्लेख केलाय. डी-डेला आठशेहून अधिक एलसीटी होत्या, त्यातली एकच उरलीये, एलसीटी ७०७४. टाइन नदीवर हेबर्नला बांधलेली. वीस वर्षांचे सब-लेफ्टनंट जॉन बॅगट तिचे कप्तान, पोटात दहा रणगाडे. युद्धानंतर लिव्हरपूलला तिचा तरंगता क्लब झाला. नंतर बर्कनहेडच्या गोदीत बेवारस पडून बुडाली. २०१४ मध्ये पाण्यातून वर काढली, दुरुस्त केली, आणि २०२० पासून साउथसीच्या डी-डे संग्रहालयाच्या दारात उभी आहे. आत जाता येतं. मुलांना घेऊन गेलो होतो. वीस वर्षांचा कप्तान हे ऐकून माझा मोठा एकदम गप्प झाला. तो एकोणीसचा आहे.

शंकेखोर · सोमवार, संध्याकाळी ६:०५

१,०५१ पैकी शत्रूच्या हल्ल्यात किती गेल्या? एवढी मोठी, संथ जहाजं उघड्या किनाऱ्यावर उभी, म्हणजे आकडा मोठा असणार.

सुकाणू · सोमवार, रात्री ९:००

वाटतो तेवढा नाही. शत्रूच्या हल्ल्यात २६, वादळ, खडक आणि अपघातांत आणखी १३. वेग जेमतेम बारा नॉट, तरी टिकल्या. एक कारण असं सांगतात की टॉर्पेडो मोठ्या जहाजांच्या खोलीचा अंदाज घेऊन सोडलेले असत, आणि हलकी एलएसटी पाण्यात इतकी वर बसायची की ते खालून निघून जात. चीफसाहेब यावर जास्त अधिकाराने बोलू शकतील.

तिवर आणि दर्यावर्दी, तुमच्या दोन प्रतिसादांवर स्वतंत्र धागा व्हायला हवा. मंडपमची लँडिंग क्राफ्ट विंग आणि आराकानच्या खाड्या यावर मराठीत सलग लेखन माझ्या वाचनात नाही. तिवर, तुम्ही सुरुवात करा, मी आराकानच्या चढायांचा क्रम आणि नकाशे जमवतो. ज्यांच्या घरी कुणी रॉयल इंडियन नेव्हीत किंवा व्यापारी जहाजांवर होतं त्यांनी जहाजाचं नाव, साल आणि बंदर एवढं तरी लिहून ठेवा. बाकी जुळवाजुळव आपण धाग्यावर करू.

तिवर · सोमवार, रात्री ९:४५

करतो. येत्या रविवारी पहिला भाग टाकतो, मंडपमपासून.